इतिवृत्तात न घेतलेले

ज्याअर्थी दिवंगत टॉइवो कांगास यांनी
या शहराच्या नगरसभेत सव्वीस वर्षे
तिसऱ्या वॉर्डाचे प्रतिनिधित्व केले;

इथवर टाइप केलं आणि बोटं थांबली.
'दिवंगत' हा शब्द त्यांच्या नावाला
दुकानातून नुकत्याच आणलेल्या कोटासारखा,
खांद्यात घट्ट.

बाहेर सरोवर गोठलंय. लोहखनिजाच्या धक्क्याला
गेला आठवडाभर एकही बोट लागलेली नाही.
मी सभेची कारकून. एकतीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं सरळ करून देते.

ज्याअर्थी त्यांच्या दूरदृष्टीमुळे
शहराच्या जलवाहिनीचे काम मार्गी लागले;

त्या जानेवारीत, उणे चौतीसमध्ये,
सगळी सहावी गल्ली फुटली,
तेव्हा पहाटे तीनला ते दारोदार फिरले.
बादली नव्हती हातात. माफी मागत होते.
स्वस्तातल्या पाइपांसाठी
आठ वर्षांपूर्वी त्यांनीच हात वर केला होता.
मी महापौरांना विचारलं, हे घालू का?
वेंडेल खिडकीकडे बघत म्हणाले,
दूरदृष्टी राहू दे.

ज्याअर्थी त्यांनी नेहमीच सर्वांना सोबत घेतले;

डोलोरेस ब्रझेकशी ते नऊ वर्षं बोलत नव्हते.
ग्रंथालयाच्या छपरावरून.
छप्पर अजून गळतंय,
चरित्रांच्या कपाटाखाली परात ठेवलेली असते.
आज सूचक म्हणून सही डोलोरेसचीच.
तिनं दुपारी फोन केला:
"त्याच्या आडनावात एस एक की दोन?"
नऊ वर्षं त्याच्या नावाची पितळी पाटी
तिच्या बरोब्बर समोर होती.
एक, मी म्हटलं.
ती बराच वेळ फोन धरून राहिली.

चर्चा लांबली की ते श्रवणयंत्र काढून
टेबलावर ठेवायचे, पाण्याच्या पेल्याशेजारी.
जुन्या टेप लावल्या की
कर, कचरा, कुत्र्यांचे परवाने, सगळ्यांच्या मागे
त्या यंत्राची बारीक शिट्टी ऐकू येते.
ती कशी टाइप करायची
मला कधी कळलं नाही.

त्याअर्थी आता असा ठराव करण्यात येतो की

हात वर. सात विरुद्ध शून्य.
सव्वीस वर्षांत त्यांच्या एकाही सूचनेला
सात मतं पडली नव्हती,
सभा तहकूब करण्याची सूचना सोडून.

आयली पहिल्या रांगेत, कोट न काढता.
बुटांवरचा बर्फ वितळून
फरशीवर एक लहानसं तळं झालेलं.
महापौरांनी चौकट तिच्या हाती दिली.
सोनेरी कडा, लाखेची मोहोर.
तिनं ती लांब धरली, जवळ आणली.
"चष्मा राहिला घरी," ती म्हणाली.
"यात दिव्याचं आहे का?"

दिवा म्हणजे सहावी गल्ली आणि बर्च रस्त्याचा कोपरा.
रात्रपाळीची माणसं तिथे बसमधून उतरतात
आणि आपल्याच घराचं फाटक चाचपडत शोधतात.
दर नोव्हेंबरला, 'इतर विषय' या मथळ्याखाली,
टॉइवो उभे राहायचे.
अकरा नोव्हेंबर. अकरा वेळा माझ्याच बोटांनी लिहिलं:
पुढील सभेत विचार करावा.

कुणी काही बोललं नाही.
हीटर तेवढा खडखडला.
वेंडेलनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला
आणि पुढचा विषय पुकारला,
बर्फ हटवण्याच्या गाडीचे टायर.

मी लिहिलं:
श्रीमती कांगास यांनी सभागृहाचे आभार मानले.

आता साडेनऊ वाजलेत. खुर्च्या उलट्या करून झाल्या.
पुढच्या सभेची विषयपत्रिका मीच बनवते,
क्रम मीच लावते, तो कुणी पाहत नाही.
'इतर विषय' रिकामं ठेवलं.
वर, पहिल्या ओळीत, लिहिलं:
एक. बर्च रस्ता, कोपऱ्यावरचा दिवा.
सूचक:

पुढे रकाना कोरा.
जिन्याजवळच्या खुंटीवर
डोलोरेसचा कोट अजून आहे.